पोचल्याचं पत्र

नरहरराव उमाठे पत्राचं उत्तर राहू देणारे गृहस्थ नव्हते. भिलाईच्या स्टील प्लांटमधलं तांत्रिक ग्रंथालय त्यांनी निवृत्तीपर्यंत सांभाळलं, आणि तिथे चुकून आलेल्या पत्रालासुद्धा 'आपले पत्र चुकीच्या पत्त्यावर आले' एवढं कळवून मगच ते जेवायला उठत. एक पत्र मात्र राहिलं. ते इटलीतल्या तारांतो नावाच्या गावाहून आलं होतं, श्यामराव भोयरचं. पातळ निळसर कागद, आत मोजका मजकूर.

'प्रिय नरहर, सप्रेम नमस्कार. वहिनी काल इथे सुखरूप पोचल्या. प्रवासाचा थोडा शीण आहे, बाकी ठीक. तू काळजीत असशील म्हणून लगेच लिहितो. पोच दे.'

नरहररावांनी हे वाचलं तेव्हा त्यांची बायको, म्हणजे पत्रातल्या वहिनी, म्हणजे हिरा, सेक्टर पाचच्या क्वार्टरात त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर बसून पोळ्या लाटत होती.

"काय लिहून राहिले भाऊजी?" तिनं मान वर न करता विचारलं.

"पोचला म्हणतो," नरहरराव म्हणाले, आणि पत्र पुस्तकात घालून पुस्तक मिटलं.

थट्टा असेल, असं त्यांनी आधी धरलं. श्यामरावला खोड होतीच. पण थट्टेलाही कुंपण असतं, आणि मित्राच्या बायकोचं नाव त्या कुंपणापलीकडे असतं. चार दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी ठरवलं की अशा पत्राला उत्तर न देणं हेच उत्तर. भित्र्या माणसाला असे निर्णय सोपे जातात.

श्यामराव प्लांटच्या रेल मिलमध्ये इंजिनिअर होता. पलीकडच्या स्ट्रीटवर एकटा राहायचा आणि संध्याकाळी उमाठ्यांकडे जेवायचा. प्लांटनं त्याला ट्रेनिंगसाठी तारांतोला पाठवायचं ठरवलं, तेव्हा ते गाव आहे कुठे हे त्याला नरहररावांनीच दाखवलं. ग्रंथालयात दक्षिण युरोपातल्या बंदरांवरचा एक जाडजूड सचित्र ग्रंथ होता. तो ते घरी घेऊन आले आणि रोज व्हरांड्यात वाचून, मराठी करून सांगू लागले. चारचौघांत ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ते नरहरराव पुस्तक हातात असलं की खुलायचे. दोन समुद्रांच्या मधल्या बेटावर वसलेलं जुनं गाव. ग्रीक देवळाचे उरलेले दोन खांब. मोठं जहाज आलं की दुभंगून बाजूला वळणारा पूल. समोरच्या खिडकीतून हात लांबवून मीठ मागता यावं इतक्या अरुंद गल्ल्या. हिरा भाजी निवडत ऐकायची. एकदा तिनं विचारलं होतं, "तिथं सैपाकाच्या खोलीतून समुद्र दिसत असन, नाही?"

"दिसत असेल," म्हणून नरहररावांनी पान उलटलं.

श्यामरावला पोचवायला दोघं दुर्ग स्टेशनवर गेली होती. मुंबई मेल लागली. हिरानं खिडकीतून डबा आत दिला. आपल्यात निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, आणि मागे राहणारा त्याला 'या' म्हणतो. गाडी हलली. श्यामराव दारात उभा राहून म्हणाला, "येतो, वहिनी." प्लॅटफॉर्मवर उभ्या असलेल्या हिरानं हात वर केला आणि ती म्हणाली, "येते."

परतताना रिक्षात नरहरराव म्हणाले, "अगं, तू उलटंच बोललीस."

"मी?" ती रस्त्याकडे बघत होती. "मी तं काही बोललीच नाही."

त्यानंतर घरात एकच फरक झाला. अंबाडीची भाजी बंद झाली. हिराची ती जिवाभावाची भाजी, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. आता आंबट सोसत नाही, असं ती म्हणाली. नरहररावांनी त्याचा वेगळा अर्थ काढला, मनातल्या मनात लाजलेही, आणि थोड्या दिवसांनी तो अर्थ चुकीचा निघाला. त्यांची मुलगी नूतन झाली ती पुढे दोन वर्षांनी.

हिराचे वडील गुलाबराव डोंगरगडला गार्ड होते. रेल्वेच्या माणसांच्या घरात प्रवासाची एक शिस्त असते. गुलाबराव म्हणायचे, "पोचल्याचं कार्ड आलं अन् त्याची पोच गेली, तं माणूस पोचला समजा. नाही तं तो अर्ध्यातच कुठीतरी." ही शिस्त नरहररावांनी सासरकडून घेतली आणि जन्मभर पाळली. जावई म्हणून त्यांचं तेवढंच कौतुक व्हायचं.

श्यामराव परत आला नाही. ट्रेनिंग संपलं, तो तिकडेच बंदरात कुठेतरी लागला, असं रेल मिलमधल्या लोकांकडून कळलं. पुन्हा त्याचं पत्रही आलं नाही. नरहरराव निवृत्त झाले, भिलाईतच कोहक्याला घर बांधलं, नूतन शिकून नोकरीसाठी इटलीतच गेली, उत्तरेकडच्या तोरिनोला. योगायोगच तो. तीन वर्षांपूर्वी हिरा आजारी पडली. शेवटच्या आदल्या दिवशी दुपारी तिनं डोळे उघडले आणि स्वच्छ आवाजात विचारलं, "त्या पत्राची पोच देल्ली काय तुमी?"

"कोणत्या गं?" नरहररावांनी विचारलं. ते पत्र त्यांनी तिला कधी दाखवलं नव्हतं.

तिनं तोंड भिंतीकडे वळवलं.

या वर्षी नूतननं त्यांना हट्टानं तोरिनोला नेलं. महिनाभर ते तिच्या घरातली पुस्तकं वाचत बसले. मग एकदा चहा पिताना, कपाकडे बघतच त्यांनी विचारलं, "तारांतो इथून फार लांब पडत असेल, नाही?"

नूतन हसली. "बाबा, आयुष्यात पहिली बार तुम्ही काहीतरी मागितलं. जाऊ या."

बारी शहराहून निघालेली गाडी त्यांना ऐन दुपारी तारांतोला घेऊन आली. ऑगस्ट महिना. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि नरहरराव थबकले. हवेत तापलेल्या लोखंडाचा वास होता. मागे वळून बघितलं, तर गावाच्या उत्तरेला धुराड्यांची रांग. इथेही स्टील प्लांट आहे हे त्यांना माहीत होतंच, पण वास घरचा निघेल अशी कल्पना नव्हती.

दगडी पूल ओलांडून दोघं जुन्या गावात शिरली. डाव्या हाताला कोळ्यांच्या होड्या, वाळत घातलेली निळी जाळी, शिंपल्यांच्या ओल्या टोपल्या. पुस्तकात सगळं असंच होतं. गल्ल्याही तशाच. दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागावेत. पण पुस्तकात जे नव्हतं ते म्हणजे रिकामी घरं. कितीतरी दारं विटांनी भरून बंद केलेली, काही खिडक्यांतून झाडं बाहेर आलेली, वरच्या मजल्यांना लाकडी धिरे लावलेले. उन्हामुळे सगळा गाव झोपला होता. वर एका दोरीवर कपडे वाळत होते आणि त्यांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. त्या कपड्यांत एक सुती पातळ होतं, हिरव्या काठाचं. नरहररावांनी ते बघितलं आणि चष्मा पुसला.

पत्त्यासाठी ते पत्र काढावं लागलं नाही. पत्ता त्यांना पाठ होता. गल्लीच्या टोकाला दारात खुर्ची टाकून एक जाडी बाई शेंगा सोलत बसली होती. नूतननं तिला इटालियनमध्ये विचारलं. बाई हातातलं काम सोडून भरभरून बोलू लागली.

"ती म्हणते, इंडियन नवरा-बायको ना? तिसरा मजला," नूतननं सांगितलं. "बाई एकदम हसमुख आहे म्हणे. वर हसली तरी खाली गल्लीत ऐकू येतं. पूर्ण गल्लीला लोणचं वाटते. बाबा, भोयर काकांनी शादी केली होती?"

"मला कळवलं नव्हतं," नरहरराव म्हणाले. बोलल्यावर त्यांना वाटलं, हे खरंही आहे आणि खोटंही.

तेवढ्यात नूतनचा फोन वाजला. ऑफिसचा. "तुम्ही व्हा पुढे. कॉल संपला की आलेच," म्हणून ती सावलीत गेली.

जिना अंधारा आणि गार होता. पायऱ्या मधोमध झिजलेल्या. पहिल्या मजल्याची दोन्ही दारं विटांनी बंद. दुसऱ्याचीही. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे त्यांना वास आला आणि त्यांनी कठड्याला धरलं.

अंबाडी शिजत होती. लसणाची फोडणी नुकतीच पडली होती.

दार उघडंच होतं. आत श्यामराव बनियन-पायजम्यावर खिडकीशी बसला होता. डोक्यावर एक केस नव्हता, पण बसण्याची ढब तीच, एक पाय दुमडून खुर्चीवर.

"ये बे नरहर," तो म्हणाला. जणू कालच जेवून गेला होता. "जोडे राहू दे पायात, फरशी गार हाये. लय उशीर केला तू."

नरहरराव उभेच राहिले. बरोबर आणलेली सगळी वाक्यं जिन्यात राहिली होती.

"उत्तर कावून नाही देल्लं?" श्यामरावनं विचारलं. आवाजात राग नव्हता. "मी वाट पाहून राहिलो होतो न. 'पत्र मिळालं' एवढं लिहाले काय जात होतं तुवं? ग्रंथपाल ना तू? लोकाच्या चुकल्या पत्रालेही पोच देत होता."

"तू जे लिहिलंस त्याला उत्तर काय देणार, श्याम?"

"काय लिहिलं मी? जे झालं ते लिहिलं. आली ती. बंदराच्या फाटकाजवळ उभी होती, हातात काही नाही, पायात चप्पल नाही. मले म्हणे, घरी कळवा, ते काळजीत असतीन." तो थांबला. "पह्यले रोज विचारे. पोच आली का, पोच आली का. मी काय सांगणार? वर्षभर विचारलं. मंग हळूहळू कमी झालं. पोचच नाही आली तं कोणाच्या घरून आली हेच विसरली ती. आता तिले मीच आठवतो फक्त."

जन्मभरात नरहररावांनी कुणावर हात उगारला नव्हता, आणि आता तो उगारावा की काय हेही त्यांना कळत नव्हतं. ज्याला रोज वाढलं, ज्याला हे गाव पानापानानं वाचून दाखवलं, तो हे सगळं हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं सांगत होता.

"पुरे," ते म्हणाले. "माझी बायको तीन वर्षांमागे वारली. चाळीस वर्षं माझ्या घरात राहिली. शिवनाथच्या काठी मी माझ्या हातानं अग्नी दिला तिला."

श्यामरावनं त्यांच्याकडे नीट बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

"कोणाले?" त्यानं विचारलं.

आतल्या खोलीत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. पाठोपाठ बांगड्या वाजल्या.

ती पाण्याचा गडू घेऊन बाहेर आली. केस पिकले होते. पाठ थोडी वाकली होती. मागे स्वयंपाकघराच्या खिडकीत समुद्र लखलखत होता, त्यामुळे चेहरा आधी अंधारात होता. मग ती पुढे आली.

हिरा होती.

तिनं त्यांच्याकडे बघितलं, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि ती हसली. ते हसणं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षांतलं होतं. पुढे ते कधी थांबलं, हे नरहररावांना आठवेना.

"पाणी घ्या न, भाऊजी," ती म्हणाली.

गडू हातात घेताना त्यांची बोटं तिच्या बोटांना लागली. बोटं गरम होती, चुलीपाशी काम करणाऱ्या बाईची असतात तशी.

"हे नेहमी सांगतात तुमच्याबद्दल," ती म्हणाली. "पुस्तकवाले भाऊजी. तुम्ही लय वाचता म्हणे. जेवतानाही."

नरहरराव पाणी प्यायले.

"वहिनींना नाही आणलं?"

श्यामराव खिडकीबाहेर बघू लागला.

"नाही," नरहरराव म्हणाले. "त्या गेल्या. तीन वर्षं झाली."

"अगंबाई!" तिनं खरोखर हळहळून तोंडाला पदर लावला. "अन् मी मेली काहीतरीच विचारून बसली. कशानं हो?"

"ताप आला होता."

"त्रास झाला का त्याईले?"

ती वाकून रिकामा गडू घेत होती, आणि तिच्या डाव्या भुवईवरची खूण त्यांच्या डोळ्यांसमोर आली. भुवईला मधोमध छेदणारी पांढरी रेघ.

"हे काय लागलं होतं?" त्यांनी विचारलं. आपला आवाज त्यांना दुसऱ्याचा वाटला.

"हे? लहानपणचं आहे. डोंगरगडच्या क्वार्टरात बोरिंगच्या पंपाचा दांडा लागला. बाबा ड्यूटीवर, आईनं हळद भरली, झालं." ती पुन्हा हसली. "तुमाले बरं दिसलं इतक्या वर्षांनी. ह्याईचं तं लक्षच नसते."

जिन्यात पावलं वाजली. नूतन आत आली. नरहरराव तिच्या चेहऱ्याकडे बघू लागले.

नूतननं हात जोडले, मग वाकून श्यामरावला आणि तिला नमस्कार केला. "सॉरी हं काकू, ऑफिसचा कॉल होता." ओळखीचा भाव तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता.

हिरानं तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ बघितलं.

"तुमच्यावर नाही गेली पोरगी, भाऊजी," ती म्हणाली. "वहिनींवर गेली असन."

मग तिनं कोनाड्यातला करंडा काढला, नूतनला कुंकू लावलं, हातावर साखर ठेवली. जेवून जायचा खूप आग्रह केला. नूतनला गाडी गाठायची होती. श्यामराव दारापर्यंतही आला नाही. जिना उतरताना वरून तिचं हसणं ऐकू आलं. श्यामराव काहीतरी बोलला असावा.

परत पुलावर आल्यावर नरहरराव कठड्याला टेकले. खाली पाणी हिरवं आणि स्थिर होतं.

"काकू कित्ती मस्त आहेत," नूतन म्हणाली. "मला तर जाऊच नये वाटत होतं."

"तुला कुणाची आठवण झाली का त्यांना बघून?"

"कुणाची म्हणजे?"

"आईची."

"आईची? नाही, बाबा. बिलकुल नाही. आईचा चेहरा कुठे असा होता!"

"आईच्या भुवईला खूण होती ना. डावीकडे."

"कसली खूण? बचपनपासून मी तिच्या कुशीत झोपले. आईला कुठे काही खूण नव्हती." तिनं त्यांच्या दंडाला धरलं. "ऊन लागलं का तुम्हाला? चला, बसा जरा सावलीत."

भिलाईला परतल्यावर नरहररावांनी बॅग दारातच ठेवली आणि आधी कपाटातून लग्नाचा अल्बम काढला. सगळ्या फोटोंत खूण होती. अंतरपाटाच्या फोटोत, सप्तपदीच्या, डोंगरगडला बमलेश्वरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर काढलेल्या. श्यामराव निघाला त्या आठवड्यात व्हरांड्यात तिघांचा एक फोटो काढला होता. त्यातही खूण होती. हिरा त्यात कॅमेऱ्याकडे बघत नव्हती.

त्यानंतरचे फोटो थोडे होते. नूतनच्या बारशाचा, मैत्री बागेतला, घराच्या वास्तुशांतीचा. डावी भुवई सलग होती.

भिंतीवर चंदनाचा हार घातलेला फोटो होता. नूतननं दुर्गच्या स्टुडिओत मोठा करून घेतलेला. नरहररावांनी तो उतरवला, टेबलावर उजेडात ठेवला आणि समोर बसले. तीन वर्षं ते रोज या फोटोला उदबत्ती लावत होते. आधी वाटलं, खूण सोडली तर बाकी चेहरा तोच आहे. मग वाटलं, डोळे तसे नाहीत. मग हनुवटी. जितकं बघत गेले तितकं ओळखीचं एकेक काहीतरी गळून गेलं, आणि संध्याकाळी दिवा लावायची वेळ झाली तेव्हा त्यांच्यासमोर एक परकी बाई होती. नाकीडोळी साधी, थोडी दमलेली. ती थेट त्यांच्याकडेच बघत होती.

हिरानं दगा दिला, हे त्यांनी मनात शब्दांत मांडून बघितलं. श्यामरावनं दिला. त्या जाड पुस्तकानंही दिला. सगळं खरं होतं आणि सगळ्याचा राग येत होता, छातीत दगड ठेवावा तसा. सोडून गेली हे एक वेळ समजेल. पण जाताना जागा रिकामीसुद्धा ठेवली नाही तिनं. आपल्याला कळणार नाही याची तिला इतकी खात्री होती, आणि तिची खात्री खरी ठरली.

मग त्यांना या बाईची आठवण यायला लागली. वाचताना डोळा लागला की पुस्तकात खुणेला केसांतला आकडा घालून ठेवणारी. टायफॉइडमध्ये उशाशी बसलेली. नूतनच्या शाळेत, प्लांटच्या हळदीकुंकवात, सगळीकडे 'सौ. हिरा उमाठे' म्हणून हाक मारली की एक क्षण थांबून मग 'ओ' देणारी. तो क्षण त्यांनी दरवेळी ऐकला होता. तिनं कधी काही मागितलं नाही. शेवटी एकदा विचारलं, पोच दिली का म्हणून, आणि त्यांनी कोणत्या पत्राची म्हणून विचारलं.

दोन दिवसांनी गुरुजींचा फोन आला.

"उमाठे साहेब, नवमी आली. यंदा घरीच करायची का?"

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचं श्राद्ध अविधवा नवमीला होतं. तीन वर्षं नरहरराव दर नवमीला पाटावर बसत, गुरुजी गोत्र विचारत, मग नाव विचारत, आणि ते 'हिरा' म्हणून पळीनं पाणी सोडत. म्हणजे तीन वर्षं समुद्राकाठी अंबाडी शिजवणाऱ्या एका जिवंत बाईच्या नावानं त्यांनी पाणी सोडलं होतं. आणि जिला शिवनाथच्या काठी अग्नी दिला, तिच्यापर्यंत एक थेंब गेला नव्हता.

"कळवतो," ते गुरुजींना म्हणाले.

त्या दुपारी ते छत्री घेऊन जवळच्या सुपेल्याच्या पोस्टात गेले. काउंटरवरच्या मुलीनं पाकिटावरचा पत्ता वाचला. "इटली? अंकल, व्हॉट्सॲप कर देते. आजकल चिट्ठी कौन भेजता है!"

"वो लोग चिट्ठी की राह देख रहे हैं, बेटा," नरहरराव म्हणाले. तिनं तिकिटं दिली. ती त्यांनी नीट चिकटवली, कोपरे दाबले, आणि बाहेर येऊन पाकीट लाल पेटीत सोडलं. आत एवढंच लिहिलं होतं:

'प्रिय श्याम, सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. हिरा सुखरूप पोचल्याचं कळलं. आता तिला घर आठवू लागेल. आठवलं की माझ्याकडून काही सांगू नकोस, फक्त एक विचार. निघताना तिनं माझ्याजवळ जिला ठेवलं, तिचं नाव काय होतं? उलट टपाली कळव. नवमी जवळ आली आहे, आणि गुरुजी नाव विचारतील.'